ऐनाच्या झाडावरचा कोसा

मैत्रिणींनो, तुमच्या कपाटात कोशाची एखादी साडी असेलच. निदान सासूबाईंच्या ट्रंकेत सोवळ्याचं काहीतरी असेल. रेशमाचा किडा काय खातो, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? 'तुतीचा पाला', असंच ना? मीही तेच सांगत होते. नुसतं सांगत नव्हते, त्यापायी एका मुलीचा मार्क कापला होता!

लग्न होऊन मी भंडाऱ्याला आले. दुपारी तीन तास शाळेत मराठी शिकवते. विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की तो तासही माझ्याच गळ्यात. चाचणीत सहावीतल्या एकीनं लिहिलं, 'रेशमाचा किडा ऐनाचा पाला खातो.' मी लाल फुली मारली. दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी उभी. "आमच्या जंगलात तुती नाही ना जी, बाई. बाबा ऐनावरच किडे सोडतात." आणि दप्तरातून तिनं एक कोसा काढून ठेवला. करडा-पिवळट, सुपारीहून मोठा, हाताला टणक, वर देठ आणि त्याला फांदीत अडकणारं कडं.

घरी येऊन पुस्तकं काढली आणि मान खाली गेली. तुतीवरचा तो बॉम्बिक्स मोरी. माणसाच्या घरात पिढ्यान् पिढ्या राहून त्याचा पतंग उडायचंच विसरला. आपला कोसा त्या कुळातलाच नाही! त्याची प्रजाती अँथेरिया, जात मायलिट्टा. १७७३ साली ड्रुरी नावाच्या इंग्रजानं तिची नोंद केली. आसामातला सोनेरी मुगा ह्याच प्रजातीतला, पण तो सोम आणि सोआलूच्या झाडांवर वाढतो. चीनमधला पेर्नी आणि जपानातला यामामाई ओकच्या पाल्यावर. आपला मायलिट्टा ऐन-अर्जुनावर: भंडारा, गडचिरोली, पुढे छत्तीसगड, झारखंड, ओडिशा. जावा-जावांसारखंच हे, आडनाव एक पण चुली वेगळ्या.

तुतीच्या किड्याला घरात सुपात वाढवतात. हा मात्र उघड्या झाडावर. पाखरं आणि मुंग्या त्याच्यावर टपलेल्या, म्हणून त्या मुलीचे बाबा पावसात गलोल घेऊन झाडाखाली राखणीला बसतात. आणि आपण दुकानात 'भाव जरा जास्तच हो' म्हणतो! (आतला किडा उकळून काढलेलं सूत सोवळ्यात कसं चालतं, हेही एकदा सासूबाईंना विचारायचंय. धीर होत नाही.)

गुण रजिस्टरवर चढले होते. मुख्याध्यापिका बाईंना सांगून खाडाखोड केली, शेजारी सही केली. मग वर्गात उभं राहून चूक माझी होती म्हणून सांगितलं. मुली हसतील असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही.

"मग तुती पण बरोबरच ना जी?" तिनं विचारलं.

"हो, दोन्ही."

तो कोसा तिनं मलाच दिला. जाताना बजावलं, "जिता आहे, बाई. उकळू नका." पावसाळा लागला की पतंग बाहेर येईल म्हणते. त्याला खायला काहीच द्यायचं नाही. त्याला खायचं तोंडच नसतं. कोसा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत टोपलीत ठेवलाय आणि सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी एकदा डोकावून बघते.