मुंबई-तिवसा : पावणेदोन तास, अटी लागू!

जाहिरातीच्या कोपऱ्यात 'अटी लागू' म्हणून बारीक चांदणी असते ना? तशी एक विमानाच्या तिकिटावरही हवी. मुंबई-अमरावती, १ तास ४५ मिनिटं! १६ एप्रिल २०२५ला बेलोरा विमानतळावर अलायन्स एअरची सेवा सुरू झाली आणि ठाणे-अंधेरी-नवी मुंबईत नोकरी करणाऱ्या वऱ्हाडी पब्लिकचा हा आकडा तोंडपाठ झाला. तुमचं घर अमरावती शहरात असेल तर मजा आहे. पण तिवस्यात असेल तर?

आधी आकड्याचीच गंमत बघा. सरळ रेषेत मुंबई-अमरावती हे अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आतबाहेर. नागपूर त्याहून सुमारे दीडशे किलोमीटर लांब, तरी तिथलं विमान दीड तासाच्या आसपास पोहोचतं. कारण नागपूरला जेट जातं आणि बेलोऱ्याला पंख्यांचं छोटं एटीआर, ताशी साधारण पाचशेच्या वेगाने. त्यात तिकिटावरची वेळ निव्वळ उडण्याची नसतेच. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, म्हणजे मुंबईच्या रनवेसाठी लागलेली रांगही त्यातच!

आता तिवसा. अमरावतीहून नागपूरच्या हायवेला लागायचं, तुकडोजी महाराजांची मोझरी मागे टाकायची, की चाळीसेक किलोमीटरवर आपलं गाव. रेल्वे नाही. बेलोरा शहराच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे आधी अख्खी अमरावती ओलांडा, मग एसटी पकडा. मुंबईतलं ट्रॅफिक, चेक-इन, बॅगेची वाट पाहणं हे सगळं धरलं तर दारापासून दारापर्यंत सहा तास सहज जातात. नागपूरला उतरलात तर शंभराहून जास्त किलोमीटर उलटं यायचं. हिशेब तिथेच येतो.

तरी सहा तास वाईट नाहीत, बॉस. खरी अडचण वाराची आहे. सेवा सुरू झाली ती सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी. शुक्रवारी हाफ डे टाकून निघा, सोमवारी परत या, वीकेंड वसूल! पण शुक्रवारी संध्याकाळी घरून फोन आला, की बाबांना अमरावतीला अॅडमिट केलंय, तर? अशा वेळापत्रकात पुढचं विमान थेट सोमवारी. तेव्हा कामाला येते ती रोज रात्री सुटणारी अमरावती एक्स्प्रेस. अकराएक तास घेते, तिकीट कन्फर्म नसेल तर दाराशी बसावं लागतं, पण शनिवारी सकाळी पोहोचवते. फोनवर आई 'कुठलोक आला रे बापू?' विचारते, तेव्हा तिला एटीआरचा वेग नको असतो, स्टेशनचं नाव हवं असतं. त्यामुळे माझ्या मते या मार्गावर मिनिटं कमी होण्यापेक्षा दिवस वाढणं जास्त गरजेचं.

आणि निवांत गेलातच, तर घरी लोळत बसू नका. कौंडण्यपूर तिवसा तालुक्यातच आहे, वर्धा नदीच्या काठी. हे रुक्मिणीचं माहेर. इथून आषाढीसाठी तिची पालखी पंढरपूरला निघते, पायी. पोहोचायला महिन्याहून जास्त लागतो.