चार नो ट्रंप

शब्दाच्या शक्ती तीन : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. हे मी दर वर्षी बी. ए. च्या वर्गाला इमानेइतबारे शिकवतो. पण बोलणाऱ्याने एक अर्थ धरावा आणि ऐकणाऱ्याने दुसरा, म्हणजे काय अनर्थ होतो, हे मला शिकवले ते कुणा साहित्यशास्त्रकाराने नव्हे, पत्त्यांनी.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही एका स्नेह्यांकडे ब्रिज खेळतो. माझी भिडू म्हणजे माझी पत्नीच. घरी आमचे निम्मे बोलणे भुवयांनी आणि भांड्यांच्या आवाजाने चालते. ब्रिजमध्ये मात्र खूण नाही, सूर नाही. जे सांगायचे ते मोजक्या बोल्यांतच.

त्या रविवारी तिने एक नो ट्रंपची बोली केली. म्हणजे तिच्या हातात १५ ते १७ गुण. माझ्याकडे १६ होते. ४० पैकी ३३ गुण दोघांत जमले, की १३ पैकी १२ हात करण्याची, म्हणजे स्लॅमची, आशा धरायला हरकत नसते. मी म्हणालो, "चार नो ट्रंप." माझ्या मते हे आमंत्रण होते : १७ असतील तर सहावर जा, १५ असतील तर इथेच थांब.

पण १९३३ साली ईझ्ली ब्लॅकवुड नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी याच बोलीला दुसरा अर्थ देऊन ठेवला आहे : 'तुझ्याकडे एक्के किती?' पाच किलवर म्हणजे एकही नाही किंवा चारही, पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम म्हणजे दोन, पाच इस्पिक म्हणजे तीन. तिने माझ्या बोलीत प्रश्न ऐकला आणि प्रामाणिकपणे उत्तर दिले, "पाच बदाम." मला वाटले, आमंत्रण स्वीकारले, वर बदामाची पाच पानेही आहेत! माझ्याकडे बदाम चार. मी "सहा बदाम" म्हटले. तिला वाटले, यांच्याकडे बदामांची रांगच असणार. तिने पास दिला. मी डमी म्हणून पाने मांडली, तेव्हा तिचा चेहरा पडला. तिच्याकडे बदाम तीनच होते. दोन हात कमी पडले.

घरी परतताना ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत, मी सांगितलं."

"मी विचारलं नव्हतं, बोलावलं होतं."

ती चालता चालता थांबली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे कोल्हापूरच्या वेळीही?"

बारा वर्षांपूर्वी मला कोल्हापूरला चांगली जागा मिळत होती. "जायचं का?" असे मी तिला विचारले होते. तिने आईंचे दुखणे, मुलीची शाळा, घराचे हप्ते असे एकेक मोजून सांगितले. मी तो नकार समजलो आणि जागा सोडली. तिने बिचारीने फक्त एक्के मोजले होते! माहेराजवळ जायला ती मनातून आसुसलेली होती. मीच बेत बदलला, असे ती धरून चालली. तेव्हा तिचे वडील होते. आता नाहीत. इतकी वर्षे मी तिच्यासाठी त्याग केल्याचे समाधान बाळगले होते, आणि तिने माझ्यासाठी गप्प राहिल्याचे. राहिलेला रस्ता आम्ही दोघे काही बोललो नाही.

आता आम्ही वहीत लिहूनच ठेवले आहे : नो ट्रंपच्या बोलीवर लगेच चार नो ट्रंप म्हणजे आमंत्रण, हुकूम ठरल्यावर म्हटले, तर एक्क्यांची चौकशी. घरातही मी काही विचारले, की ती हातातले काम थांबवते आणि म्हणते, "विचारताय, की बोलावताय?"

दर खेपेला उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागतो.