घरचा पत्रा

नांदेडला वजिराबाद चौकात एक जीप समोर येऊन थांबली आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी मी तिच्याकडेच बघत राहिलो. महिंद्राची जुनी जीप, हाय बॉनेटची. पण मडगार्ड कुठल्याच कंपनीचे नव्हते. फुगीर, गोल, आत तार घालून कड वळवलेले. घरी ठोकलेला पत्रा लगेच ओळखू येतो. उजेड त्याच्यावरून सरळ घसरत नाही, ठेचकाळत जातो.

ते उंच बॉनेट मला मनापासून आवडतं. विलिसने 1953 साली जीपला जास्त उंचीचं इंजिन दिलं, ते मावेना म्हणून बॉनेट उचललं. अमेरिकेत ते मॉडेल 1968 साली बंद झालं, आपल्याकडे महिंद्राने पुढेही कितीतरी वर्षं चालवलं. आता पोरं तेच कापून लो बॉनेट बसवतात, हरियाणातल्या डबवालीच्या जीपा बघून. हौसेला मोल नाही म्हणतात. नजर तरी असावी.

गाडी कापायची हौस काही नवी नाही. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी 1930च्या दशकात जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड, टप, जे निघेल ते काढून टाकलं आणि कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर त्या पळवल्या. वजन कमी, वेग जास्त. त्यांचा हॉट रॉड तो. आमच्याकडे सगळी भरच: पुढे गार्ड, वर कॅरियर, मागे शिडी, चार हॉर्न. लातूरच्या औसा रोडवर गाडी चाळिशीच्या पुढे जाणार नाही, पण पोळ्याच्या बैलासारखी नटलेली पाहिजे.

लातूरला आमच्या गल्लीत एकाने अंगणातच जीप उघडली होती. आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापायचा, तो पत्र्यावर ठेवून खिळ्याने रेघ ओढायची. मग वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने ठोकत जायचं. घाई केली की पत्रा ताणला जातो, मग त्याची कितीही समजूत काढा, डबडब करतो. उरलंसुरलं लांबी भरून लपवायचं.

भर दुपारी ही ठोकाठोक. समोर किल्लारीकडची एक म्हातारी लेकीकडे राहायला होती. त्याने विचारलं, "मावशे, तरास होतोय का?"

"ठोक बाबा. पत्रा चांगला. अंगावर पडला तरी माणूस वाचतंय."

किल्लारीचा भूकंप. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षं चढवलेली माती. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून घातलेलं ते ओझंच छातीवर आलं. त्यानंतर लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. मे महिन्यात आत बसवत नव्हतं, पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पण डोळा लागायचा. म्हातारीच्या लेकीचं घर आरसीसीचं होतं. ती मात्र बाहेरच्या पडवीत झोपायची, पत्र्याखाली.

तिच्यापुढे मडगार्डच्या गोलाईचं कौतुक काय सांगायचं?

तरी जीपवाल्यांना एक सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. आरसी बुकातल्या नोंदीशी गाडी जुळेनाशी झाली तर हौस महागात पडते. मडगार्ड खुशाल ठोका. चेसिस कापण्याआधी मात्र आरटीओत जाऊन विचारा.