शेळी कुठं गेली?

पूर्णा म्हटलं की बहुतेकांना परभणीकडचं रेल्वे जंक्शन आठवतं. माझं पूर्णा वेगळं. ठाण्याहून बाळकुम, कशेळीचा पूल, काल्हेर आणि मग पूर्णा, तालुका भिवंडी. एकेकाळी भातशेती, आता जिकडे बघाल तिकडे पत्र्याची गोदामं. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून ही जागा सोयीची होती. जकात २०१७ साली गेली, गोदामं मात्र राहिली आणि वाढतच गेली. तुम्ही रात्री अकरा वाजता मोबाईलचं कव्हर मागवता ना, ते बरेचदा इथल्याच कुठल्यातरी रॅकवरून निघतं.

गेल्या पावसाळ्यात एका क्लायंटच्या गोदामात आमच्या सिस्टीमचं गो-लाइव्ह होतं. तीन आठवडे रात्रपाळी. रात्री दोनला बॅच सुरू करायची आणि ती संपेपर्यंत चाळीस मिनिटं माश्या मारायच्या (डास म्हणा हवं तर, माश्या रात्री झोपतात). अशाच एका रात्री लॅपटॉपवर एक डॉक्युमेंटरी लावली होती. 'मेडिसिन ऑफ द वूल्फ', २०१५ ची, ज्युलिया हफमन हिने केलेली. अमेरिकेतल्या मिनेसोटामधले लांडगे, त्यांचे फोटो काढण्यात आयुष्य घालवलेला जिम ब्रँडेनबर्ग, आणि तिथले ओजिब्वे लोक. ओजिब्वे लांडग्याला 'माईंगन' म्हणतात आणि भाऊ मानतात. त्यांच्या कथेत पहिला माणूस आणि लांडगा दोघं मिळून पृथ्वीभर हिंडले आणि प्रत्येक गोष्टीला नाव दिलं. मग निर्मात्याने सांगितलं, आता तुमच्या वाटा वेगळ्या. पण एकाचं जे होईल तेच दुसऱ्याचं होईल.

गेटवरचे वॉचमन काका मागे येऊन उभे राहिले होते. वय पन्नाशीचं, वारली, वज्रेश्वरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे. मी त्यांना कथा सांगितली. वाटलं, चकित होतील. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "आमचा वाघोबा हाय ना, तसंच."

तसंच! मी ठाण्यात वाढलो, येऊरचा डोंगर खिडकीतून बघत लहानाचा मोठा झालो, आणि वाघोबा मला माहीत होता तो फक्त बडबडगीतातला.

त्या भागात बिबट्यालाही वाघच म्हणतात. वाघोबाची देवळं म्हणजे बहुतेक ठिकाणी देऊळ नव्हेच. झाडाखाली उभा केलेला दगड किंवा लाकडी फळी, त्यावर कोरलेला वाघ, सूर्य, चंद्र आणि भरपूर शेंदूर. काकांनी सांगितलेली गोष्ट अशी. एका बाईला लग्नाआधी पोर झालं, ते रानात वाढलं, वाघ झालं आणि गावाची गुरं खायला लागलं. गाव तक्रार घेऊन आईकडे. आईने तोड काढली: तू रानात राहा, गावाने तुला वर्षातून एकदा मान द्यावा. वाघबारस ती हीच. दिवाळीच्या तोंडावर आपण वसुबारस करतो, त्याच दिवशी.

मला सॉफ्टवेअरवाल्याचा नेहमीचा रोग झाला, म्हणजे उत्साह. मित्राचा कॅमेरा, उसना माइक, आणि ठरवलं की दहा-बारा मिनिटांची डॉक्युमेंटरी करायची. नाव पण ठरलं होतं, 'सहजीवन'. (हसू नका.)

वाघबारसेला काकांबरोबर पाड्यावर गेलो. पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उद्या कोणी त्या फळीबरोबर सेल्फी काढायला जाईल आणि पाप माझ्या डोक्यावर. भगताने नारळ फोडला, कोंबडं दिलं, आणि ऐन त्या क्षणी माझ्या कॅमेऱ्याचा फोकस मागच्या सागाच्या पानावर जाऊन बसला. मी हळूच काकांना म्हटलं, "भगतांना सांगाल का, नुसता नारळ परत एकदा..." भगतांनी ऐकलं आणि हसले. "दिला तो त्याला पोचला. आता परत दिला तर तो विचारंल, हा कशाबद्दल?"

टेक टू झाला नाही.

दुपारी काकांच्या थोरल्या बहिणीकडे जेवलो. मावशी बोलायला मोकळ्या. आदल्या वर्षी श्रावणात वाघाने त्यांची गाभण शेळी नेली होती, दाराच्या पाच पावलांवरून. पंचनामा झाला, पैशाची वाट बघणं झालं. "मी जाऊन शिव्या घातल्या त्याला. म्हटलं, वर्षाला कोंबडं देतो तुला, गाभण शेळी कशाला नेलीस?" मी विचारलं, मग पुढे? "पुढं काय. ह्या वर्षीपण दिलं की कोंबडं. तू शूट केलंस ना."

हे सगळं रेकॉर्ड झालं होतं, फोकससकट. आणि एडिटिंगला बसल्यावर मी ते कापलं. मावशींचे फक्त जोडलेले हात ठेवले, सहा सेकंद. कारण उघड होतं: फिल्मचा मूड बिघडत होता. सकाळचं ऊन, शेंदूर, पोरांचं हसणं, माझा घोगरा व्हॉइसओव्हर, आणि मध्येच एक बाई देवाला शिव्या घालतेय.

अकरा मिनिटांची फिल्म झाली. डिसेंबरात पूर्ण्याला सपोर्ट व्हिजिट होती तेव्हा गेटवर काकांना मोबाईलवर दाखवली. त्यांनी दोनदा बघितली. म्हणाले, "चांगली हाय." मग थोडं थांबून, "पण बहिणीची शेळी कुठं गेली?"

मी लांबी, फ्लो वगैरे सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत म्हणाले, "मग वाघोबाला कोंबडं कशाला देतात, ते बघणाऱ्याला कसं कळणार?"

घरी येताना कशेळीच्या पुलावर नेहमीचं ट्रॅफिक. तासभर तोच प्रश्न. वारली आणि वाघोबावर २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला आहे, रम्या नायर, निकित सुर्वे, विद्या अत्रेय वगैरे मंडळींचा. त्यांनी ठाणे, पालघर, मुंबई उपनगरात वाघोबाची दीडशेच्या आसपास ठाणी नोंदवली. तो मी शूटिंगच्या आधीच वाचला होता, आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की हे नातं वाटाघाटीचं आहे. घेणं-देणं आहे, भीती आहे, रागही आहे. वाचताना मान डोलावली आणि एडिट करताना विसरलो. आपल्याला आदिवासींचं प्राण्यांवर प्रेम बघायचं असतं. हिशेब नको असतो.

आणि हिशेब तर सगळीकडे आहे. २००४ साली बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबट्यांनी माणसं मारली, तेव्हा इतर ठिकाणचे बिबटे पकडून त्या जंगलात आणून सोडण्याकडेही अभ्यासकांनी बोट दाखवलं होतं. पकडलं, दुसरीकडे सोडलं, प्रश्न सुटला, असं नसतं. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला 'आजोबा' बिबट्या कॉलर लावून माळशेजला सोडला, तर गडी सव्वाशे किलोमीटर चालत, वसईची खाडी ओलांडून मुंबईच्या जंगलात आला. (२०१४ चा उर्मिला मातोंडकरचा सिनेमा त्याच्यावरच, पण ती डॉक्युमेंटरी नव्हे.) वाटेत त्याने कोणाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ मध्ये तो हायवेवर गाडीखाली मेला.

ओजिब्वेंचंही तेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने लांडग्यांची शिकार उघडली. कोटा २०० चा, त्यातले ८१ ओजिब्वे जमातींच्या वाट्याचे. त्यांनी आपल्या वाट्याचा एकही मारला नाही, वाचावेत म्हणून. उरलेल्या ११९ च्या जागी बाकीच्या शिकाऱ्यांनी तीन दिवसांच्या आत २१८ मारले. म्हणजे भावाचा वाचवलेला वाटाही गेला. ही घटना माहीत असेल तर 'लांडगा आमचा भाऊ' हे वाक्य वेगळंच ऐकू येतं.

त्या विकांताला प्रोजेक्ट फाइल परत उघडली. व्हॉइसओव्हर सगळा काढला, 'सहजीवन' हे नावही. मावशींचं बोलणं पूर्ण ठेवलं, शिव्यांसकट, एक मिनिट चाळीस सेकंद. पानावर फोकस गेलेला नारळाचा शॉटही तसाच ठेवला, भगतांचं बोलणं ऐकू येतंय म्हणून. फिल्म आता चौदा मिनिटांची आहे.

होळीच्या आधी पाड्यावर जाऊन दाखवली. मावशींच्या ओटीवर चादर बांधली आणि ऑफिसचा प्रोजेक्टर लावला (परवानगी घेतली नव्हती, असो). तीस-चाळीस माणसं, तेवढीच पोरं. भगतांच्या वाक्याला हशा पिकला. मावशींच्या शिव्यांना त्याहून मोठा. मावशी मात्र शेवटपर्यंत गंभीर. दिवे लागल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"सगळं बरोबर हाय," म्हणाल्या. "पण शेळी काळी होती, पांढऱ्या कानाची. ते सांगायचं राहिलं माझं. घालता येईल का?"