गोवंशातले हरिण

मराठीतला ‘हरिण’ हा शब्द इतका ऐसपैस आहे की भेकर, काळवीट आणि आफ्रिकेच्या गवताळ माळांवरचा ईलँड हे तिघेही त्यात सामावतात. प्राणिशास्त्र मात्र ज्यांची भरीव शिंगे गळून पुन्हा उगवतात त्यांना ‘सारंग’ आणि ज्यांची हाडाच्या गाभ्यावर पोकळ आवरण चढलेली शिंगे जन्मभर टिकतात त्यांना ‘कुरंग’ म्हणते. महाड-पोलादपूरच्या डोंगरांत सांजावताना ज्याचे भुंकणे ऐकू येते ते भेकर सारंग होय. ईलँड कुरंग असून त्याचे काही सोयरे गोठ्यातही सापडतात.

ईलँडचा मोठा नर नऊशे किलोपर्यंत भरतो, नर-मादी दोघांनाही पीळदार शिंगे असतात, आणि गळ्याखाली अशी पोळी लोंबते की महाडजवळच्या सव गावच्या बांधावरून बैल जाताना पाहिलेल्या डोळ्यांना ती परकी वाटू नये. वयस्क नर चालू लागला की पुढच्या गुडघ्यांतून टक्‌टक् आवाज येतो. हाडावरून कंडरा, म्हणजे स्नायू हाडाशी जोडणारा दोर, सरकल्याने तो उमटतो आणि जितका देह मोठा तितका खर्जात जातो, म्हणून झुंजीवाचूनच प्रतिस्पर्ध्याला ताकदीचा अंदाज येतो, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. भांडण टाळण्याची इतकी सभ्य रीत प्राणिसृष्टीत विरळाच. सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत भूगर्भातली उष्णता पाण्यावाटे वर येते. ईलँड मात्र टंचाईच्या दिवसांत पाणी घामावाटे खर्चू नये म्हणून उन्हाची उष्णता अंगात साठू देतो आणि रात्रीच्या गारव्यात ती सोडून देतो.

‘ईलँड’ हे नाव डचांचे असून त्यांच्या भाषेत ते उत्तरेकडच्या एका महाकाय सारंगाचे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या वसाहतकारांनी ते या कुरंगाला देऊन टाकले. विदर्भात ज्याला ‘रोही’ म्हणतात त्या आशियातल्या सर्वांत मोठ्या कुरंगाला ‘नीलगाय’ म्हणणाऱ्यांची नजर अधिक पारखी होती, कारण १७६६ साली पालास या निसर्गतज्ज्ञाने या दोन्ही जातींना शास्त्रीय नावे दिली आणि पुढे वर्गीकरणाने दोघांनाही गायी-म्हशींच्याच उपकुळात बसवले. काळवीट त्या उपकुळाबाहेर राहिले. चौशिंगा मात्र आत आला. नीलगायीचा हा सर्वांत जवळचा जिवंत नातलग जेमतेम वीस किलोंचा, नराच्या डोक्यावर बहुधा चार शिंगे मिरवणारा, बुजरा प्राणी असून, ईलँडसारखी तहान मारणे त्याला जमत नसल्याने तो पाणवठ्यापासून फार दूर जात नाही.