आमची बिल्डिंग कुठल्या रंगात?

२०१६ सरत आलं होतं तेव्हा मी वसईत एक कापडी पिशवी घेऊन फिरत होतो. पिशवीत हरकतींचे छापील अर्ज. एमएमआरडीएनं २०१६ ते २०३६ असा वीस वर्षांचा प्रादेशिक आराखडा जाहीर केला होता. वसईच्या हरित पट्ट्यात त्यामुळे इमारतींना वाट मोकळी होणार, अशी भीती गावागावांत पसरली होती. आराखडा जाडजूड आणि इंग्रजीत. आधी मराठीत द्या, मग हरकती मागा, इथूनच भांडण सुरू झालं. चर्चच्या आवारात, देवळाच्या ओट्यावर लोक अर्ज भरत होते. मी जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर टेबल टाकलं. वसईतून हजारोंनी हरकती गेल्या, त्यात आमच्या मोहल्ल्याच्याही होत्या.

एक सही मात्र मिळाली नाही. माझ्या सख्ख्या खालाची.

खाला नालासोपारा पूर्वेला राहते. अर्ज वाचून तिनं तो घडी घालून माझ्या हातात परत दिला. "तुमच्या केळीच्या वाड्या वाचवायच्या. बरं. मग आम्ही राहायचं कुठं रे बाबू?"

तिच्या विचारण्यात राग नव्हता, म्हणून उत्तर देणं जास्त अवघड गेलं. डोंगरीतली पागडीची खोली सुटल्यावर तिनं आणि खालूनं मुंबईत दोन वर्षं घर शोधलं. एजंट फोनवर गोड बोलायचा, नाव सांगितलं की मालकाला "फॅमिली" हवी असायची. खाला म्हणायची, आम्ही पाच माणसं म्हणजे काय क्रिकेटची टीम आहोत? मीरा रोड परवडेना. शेवटी नालासोपाऱ्यात एका चार मजली इमारतीत तळमजल्याची खोली मिळाली. तिथं नाव कुणी विचारलं नाही, फक्त रोख किती आणलीय ते विचारलं. शेजारी उत्तर प्रदेशातले सुतार, कोकणातले गिरणी कामगार, मराठवाड्यातलं एक दलित कुटुंब. मुंबईनं ज्यांना ज्यांना बाहेर काढलं, ते सगळे तिथं होते.

मी हरित पट्ट्याचा माणूस. अब्बा पश्चिमेच्या वाडीवाल्यांकडून केळी आणि विड्याची पानं उचलून दादरला विकायचे. घरात सुकेळी संपली असं कधी झालं नाही. १९८८ साली सरकारनं वसईतली हिरवी जमीन नागरीकरणाला खुली केली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, तेव्हा अब्बा मोर्चाला जायचे. गुंडगिरीचे दिवस होते, संध्याकाळी लोक बिल्डरांची नावं हळू आवाजात घ्यायचे. अम्मी चिडायची, तुमची एक गुंठा जमीन नाही, तुम्ही कशाला जाता? अब्बा म्हणायचे, वाडी गेली तर माझी पाटी कशानं भरू? पुढे दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा अब्बा नव्हते. असते तर पेढे वाटले असते.

खालाच्या प्रश्नाला त्या दिवशी मी पर्यावरणाचं काहीतरी उत्तर दिलं. अगदीच पुस्तकी. खरं उत्तर पाण्यात आहे, आणि ते मला २०१८ च्या जुलैत तिच्याच घरात कळलं.

वसईच्या गावांत बावखलं असतात. बावखल म्हणजे वाडीलगतचं गोड्या पाण्याचं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आसपासच्या विहिरी भरतात आणि समुद्राचं खारं पाणी लांब राहतं. तुंगारेश्वराच्या डोंगरावरून उतरलेला पाऊस याच सपाटीवरून खाडीकडे जातो. वाटेत भातशेती, बावखलं आणि मिठागरं त्याला थोडं थांबवून घेतात. आता बावखल बुजवून त्यावर इमारत बांधा. त्या इमारतीला नळाचं पाणी पुरत नाही म्हणून टँकर गावातल्या विहिरीवर येतो. विहीर उपसली की खारं पाणी आत सरकतं. आणि पावसाळ्यात, ज्याला थांबायला जागा राहिली नाही ते पाणी सरळ तळमजल्यात शिरतं.

त्या जुलैत गाड्या बंद पडल्या, मिठागरांतली माणसं पाण्यात अडकली. खालाच्या खोलीत पाणी गुडघ्याच्या वर. मी पोचलो तेव्हा ती जिन्यात बसली होती, मांडीवर कुरआन शरीफचं गाठोडं आणि शेजाऱ्यांचं बाळ. मला बघून म्हणाली, "वाड्या वाचल्या का तुमच्या?" या वेळी मात्र ती रागावली होती.

मी आजही हरित पट्ट्यात इमारती बांधायच्या विरोधात आहे. "गरिबांना घरं नकोत का?" हे वाक्य मी बिल्डरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता कंटाळा येतो. परवानगी घेऊन उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये माझी खाला कधीच राहणार नव्हती. तिच्या वाट्याला येते ती बिनपरवान्याची, आरक्षणाच्या जागेवरची खोली. पण आम्ही हरितवाल्यांनीही तिच्यासारख्यांना आमचा प्रश्न कधी मानलं नाही. आमच्या अर्जात झाडं होती, विहिरी होती, पक्षीसुद्धा होते. परवडणारं घर द्या, नाव न विचारता द्या, अशी एक ओळ नव्हती. ती मलाही सुचली नव्हती, आणि मी तर तिचा भाचा.

२०२४ सरताना आणि २०२५ च्या सुरुवातीला हायकोर्टाच्या आदेशानं नालासोपारा पूर्वेच्या ४१ इमारती पाडल्या. जागा सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. खालाची इमारत त्यात नव्हती, पण आवाज तिच्या खिडकीत येत होता. तिनं मला फोन केला. "तुझ्याकडे तो नकाशा असेल ना? आमची बिल्डिंग कुठल्या रंगात आहे बघ."

शहराचा विकास आराखडा मोबाईलवर उघडून मी तिच्याजवळ बसलो. नाला सापडला, रेल्वे सापडली, तिच्या गल्लीचा कोपराही सापडला. मी दोनदा खात्री केली.

"हिरवा," मी म्हणालो.

ती उठली आणि कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. शंभराच्या स्टँपवरचा नोटरीचा करार, लाइट बिलं, वर्षावर्षाच्या घरपट्टीच्या पावत्या, सगळं नीट लावलेलं. रजिस्ट्रेशन कुठंच नव्हतं. "घरपट्टी तर घेतात की दर वर्षी," ती म्हणाली. मग चष्मा पुसत तिनं विचारलं, "पाडायला आले तर येशील ना?"

"येईन, खाला."

"अर्ज घेऊन?"

मी काही बोललो नाही. तिनं पावत्या पुन्हा साल बघून एकावर एक लावल्या आणि चहा ठेवायला गेली.