पाण्याची अक्षरे

सहल ज्येष्ठांची होती. अब्बा-अम्मींना एकटे कसे पाठवायचे, म्हणून आम्हीही चीनला सोबत गेलो. बीजिंगचे स्वर्गमंदिर मिंग सम्राटाने 1420 साली बांधून घेतले. तेथे सम्राट चांगल्या पिकासाठी प्रार्थना करीत, असे गाईड सांगत होता. आमच्या मंडळींचे लक्ष मात्र भोवतालच्या बागेकडे होते.

तेथे सकाळीच वयस्क माणसे जमली होती. कुणी ताई-ची करीत होते, कुणी गात होते. एक आजोबा लांब दांड्याचा, स्पंजाच्या टोकाचा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर वरून खाली, उजवीकडून डावीकडे लिहीत होते. या लेखनाला 'दीशू' म्हणतात. ऊन लागले की अक्षर उडून जाते.

त्यांनी कुंचला अब्बांपुढे धरला. बोटे थरथरतात म्हणून अब्बा हल्ली सही करायलाही टाळतात.

"बिस्मिल्लाह लिहा," अम्मी म्हणाली.

"नको, लोकांचे पाय पडतील," असे म्हणून त्यांनी उर्दूत 'पानी' लिहिले. तो कुंचला खांद्यापासून फिरवावा लागतो; बोटांची थरथर अक्षरात उतरली नाही. तख्ती धुऊन पुन्हा लिहिणाऱ्या पिढीतले अब्बा! अक्षर वाळले, तसे त्यांनी पुन्हा लिहिले.

ही कला तेथे टिकली, कारण म्हाताऱ्यांना रोज भेटायला जागा आहे. आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग दुकानांच्या पायऱ्यांवर बसतात, आणि आमच्या शाळेचे फरसबंद आवार संध्याकाळी कुलपात असते. ते उघडायला एक बादली पाणी आणि एक किल्ली पुरेल.